जात्यावरच्या ओव्यांची चित्रफीत : ध्वनीचे माप एक कसे करावे ?

पिठाच्या गिरण्या गावोगावी आल्या आणि पहाटेचे जाते थांबले. जात्याबरोबर ओवीही मागे पडली. या ओव्या टिकवून ठेवण्याचे मोठे कार्य पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवँ या संशोधकद्वयाने केले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडीच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या, आणि त्यांतील काही प्रत्यक्ष गायिकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. प्वातवँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हा ठेवा प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या जोडीला हयात गायिकांच्या घरी जाऊन नव्या चित्रफितीही घेण्यात आल्या.

बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडी व आसपासची गावे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. राज्य बदलले, तरी अनेक घरांतील मराठी तशीच राहिली. अशा एखाद्या गावातील शाळेने आपल्या गावच्या ओव्यांची चित्रफीत करावयाचे मनावर घेतले, तर साहित्य नाना ठिकाणांहून गोळा होईल. कोणाकडे जुन्या कॅसेटवरून केलेली सीडी असेल, कोणी मोबाइलवर चित्रण केले असेल, तर कोणी दूरध्वनीवरील संभाषण जपून ठेवले असेल. चित्रे जुळविणे त्या मानाने सोपे आहे. घोटाळा होतो तो आवाजात, आणि त्याचे मूळ असते नमुनादरात.

संगणक आवाज अखंड साठवीत नाही. तो दर सेकंदाला ठरावीक वेळा आवाजाचे माप घेतो आणि त्या आकड्यांवरून पुन्हा आवाज उभा करतो. सेकंदाला किती मापे घेतली, तोच नमुनादर. सीडीवर तो ४४,१०० असतो, चित्रफितीच्या व्यवसायात ४८,००० आणि साध्या दूरध्वनीवर केवळ ८,०००. ४४,१०० हा आकडा मोठा विचित्र वाटतो. परंतु आरंभीच्या काळात अंकीय ध्वनी चित्रफितीच्या यंत्रावरच साठवीत असत, आणि पडद्याच्या रेषांच्या हिशेबात तो बसत होता. ४८,००० चा हिशेब अधिक सरळ आहे. सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात प्रत्येक चौकटीस बरोबर २,००० मापे येतात, तर ४४,१०० च्या दराने साडेअठराशेच्या आसपास, तीही अपूर्णांकात.

आता, ४४,१०० ने घेतलेली मापे यंत्राने ४८,००० ची समजून वाजविली तर काय होईल ? एक तासाची ओवी ५५ मिनिटे साडेसात सेकंदांत संपेल आणि स्वर सुमारे दीड अर्धस्वराने चढेल. साठीच्या बाईचा आवाज तरुण मुलीचा भासेल. गायिका आज हयात नसेल, तर तिच्या नातवंडांपर्यंत पोहोचणारा तो आवाज तिचा नसेलच. ऐकणाऱ्याला संशय येण्याचेही कारण नाही, आणि म्हणूनच हा दोष तांत्रिक म्हणून दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आजची बहुतेक संकलन-साधने भिन्न दरांचे आवाज आपण होऊन जुळवून घेतात, हे खरे. तथापि फाइलीवरील दराची नोंद चुकीची असेल, तर साधनाचाही नाइलाज होतो. म्हणून संकलनास बसण्यापूर्वीच सर्व आवाज ४८,००० वर आणणे श्रेयस्कर. फाइली शे-दोनशे असल्यास एकेक उघडण्याची आवश्यकता नाही. 'सॉक्स' व 'एफएफएमपेग' ही विनामूल्य साधने एका आज्ञावलीने संपूर्ण फोल्डर हातावेगळा करतात, आणि 'ऑडॅसिटी'मध्ये हेच काम मॅक्रोने होते.

येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. दर 'घोषित' करणे वेगळे आणि दर 'रूपांतरित' करणे वेगळे. ऑडॅसिटीत ट्रॅकचा 'रेट' बदलला, तर मापे तीच राहून केवळ वेग बदलतो, म्हणजे वर सांगितलेला दोष आपल्याच हाताने घडतो. 'रिसॅम्पल' केले, म्हणजे नवी मापे गणिताने काढली जातात आणि आवाज होता तसा राहतो. ४४,१०० वरून ४८,००० वर जाताना जुन्या १४७ मापांच्या जागी १६० मापे येतात. याउलट मूळ फाइलीवरील नोंदच चुकलेली असेल, तर आधी खरा दर घोषित करावा आणि नंतरच रूपांतर करावे.

दर उतरविताना आणखी एक दक्षता लागते. ९६,००० वरून ४८,००० वर येताना २४,००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी आधी गाळावे लागतात. न गाळल्यास ३०,००० हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी १८,००० हर्ट्झचा होऊन मिसळतो. चांगली साधने ही गाळणी स्वतःच लावतात. दर चढविल्याने मात्र आवाज सुधारत नाही. दूरध्वनीवरील ८,००० चा आवाज ४८,००० वर नेला तरी ४,००० हर्ट्झच्या वर त्यात काही येणार नाही.

मूळ फाइलींना हात लावू नये. नव्या फाइली त्याच नावांनी वेगळ्या फोल्डरमध्ये घ्याव्यात. ४८,००० दराचा, २४ बिटांचा, दोन वाहिन्यांचा एक तास सुमारे एक गिगाबाइट जागा घेतो. तेव्हा शंभर तासांचा संग्रहही एका साध्या हार्ड डिस्कवर मावतो. काम उरकल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या व प्रत्येकीचा कालावधी ताडून पाहावा. कालावधी तंतोतंत जुळला पाहिजे. तासाचे ५५ मिनिटे किंवा ६५ मिनिटे झाले असतील, तर दर घोषित झाला आहे, रूपांतरित झालेला नाही.

एवढे करूनही दीर्घ चित्रणात ओठ आणि शब्द हळूहळू सुटू लागले, तर दोष नमुनादराचा नसून दोन यंत्रांच्या घड्याळांचा समजावा. लाखात पाच भागांचा फरक असला, तरी तासाभरात १८ शतांश सेकंदांचे, म्हणजे २५ चौकटींच्या चित्रात साडेचार चौकटींचे अंतर पडते. अशा वेळी प्रत्येक ओवी स्वतंत्र तोडून तिच्या पहिल्या शब्दापाशी चित्राशी पुन्हा जुळवून घ्यावी. दोन ओव्यांच्या मधल्या विरामात हा तोड कोणाच्या कानाला जाणवत नाही.