गॅसवरची गाडी आणि जुनी टाकी

बदलीच्या नोकरीत माणूस गावोगावच्या भाषा थोड्याफार शिकतो, तसेच गावोगावचे वासही त्याच्या ओळखीचे होतात. बंगळुरूच्या रिक्षाथांब्यावर सकाळच्या वेळी जाणवणारा मर्कॅप्टनचा उग्र दर्प मला आजही आठवतो. एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण, स्वतः जवळजवळ गंधहीन असते. गळती नाकाला कळावी म्हणून हा दर्प त्यात मुद्दाम मिसळलेला असतो. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरचा वास तो हाच.

मुंबई-दिल्लीच्या वाचकांना गॅसवरची गाडी म्हटले की सीएनजी आठवेल, आणि ते साहजिकच आहे. पण सीएनजीला नळांचे जाळे हवे. ते ज्या शहरांत उशिरा पोहोचले, तेथे एलपीजीने जागा घेतली. बंगळुरूच्या रिक्षा याच इंधनावर वळल्या. कोलकात्यात तर न्यायालयाला लक्ष घालावे लागले. तेथील दोन-स्ट्रोक रिक्षा पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ केलेल्या ‘काटा तेला’वर धावत आणि शहर निळसर धुरात बुडून जाई. कलकत्ता उच्च न्यायालयाने 2008 मध्ये दिलेल्या आदेशाची 2009 च्या ऑगस्टपासून अंमलबजावणी झाली आणि त्या रिक्षांच्या जागी एलपीजीवरील चार-स्ट्रोक रिक्षा आल्या. या स्थित्यंतरात हजारो चालकांना कर्जाचा आधार घ्यावा लागला.

मात्र हे इंधन वाहनात वापरणे आपल्या देशात 2000 पर्यंत वैधच नव्हते. त्या वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2001 मध्ये वाहनांतील एलपीजीसाठी स्वतंत्र नियमन आदेश निघाला. तत्पूर्वी, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरही बरीच वर्षे, अनेक व्हॅनच्या मागच्या भागात घरगुती लाल सिलिंडर आडवा टाकलेला दिसे. त्याच व्हॅनमध्ये शाळेची मुले दाटीवाटीने बसलेली असत. घरगुती सिलिंडर उभा ठेवून त्यातील वरची वाफ शेगडीला पुरवण्यासाठी बनवलेला असतो. तो धावत्या, हिसके खाणाऱ्या गाडीसाठी नसतो. शिवाय गृहिणींसाठी ठरलेले इंधन वाहनात जाळणे हा गुन्हा आहे, ते वेगळेच.

बंगळुरूच्या शाखेत असताना माझ्यासमोर अशाच एका व्हॅनचे प्रकरण आले. आमचे एक जुने खातेदार शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी वापरलेली व्हॅन घेणार होते आणि त्यासाठी त्यांना कर्ज हवे होते. सौदा त्यांच्या मते उत्तम होता, कारण गाडीत गॅसकिट आधीच बसवलेले होते. नोंदणीपुस्तिका उघडली, तर इंधनाच्या रकान्यात केवळ ‘पेट्रोल’! किट कोठून आले, असे विचारता कळले की विक्रेत्याने ते आपल्या भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीतून काढून या गाडीत बसवले होते.

“साहेब, गाडी तर चालते ना?” त्यांनी विचारले. प्रश्नात खोट नव्हती. गाडी चालत होतीच.

जुने गॅसकिट पुन्हा वापरणे सरसकट वाईट नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. काटकसर हा दोष नव्हे आणि या साहित्यातील काही भाग इंजिनाहूनही अधिक टिकतात. पण कोणता भाग कशासाठी आहे, हे ठाऊक हवे. टाकीतून इंधन द्रवरूपात निघते, तांब्याच्या नळीतून पुढे येते आणि रिड्यूसरमध्ये त्याची वाफ होते. वाफ होताना ते इतकी उष्णता शोषून घेते की रिड्यूसर गोठू शकतो. म्हणून इंजिन थंड करणारे गरम पाणी त्यातून फिरवतात, आणि म्हणूनच सकाळी गाडी आधी पेट्रोलवर सुरू करून थोडी तापल्यावर गॅसवर घेतात. रिड्यूसरमधील रबरी पडदे कालांतराने कडक होतात आणि तळाशी तेलकट गाळ साचतो. पडदे बदलून, गाळ काढून तो पुन्हा वापरता येतो. वाफ हवेत मिसळणारा मिक्सर मात्र त्या-त्या इंजिनाच्या मापाचा असतो. एका गाडीचा मिक्सर दुसरीला लावला की गाडी एक तर इंधन पिते, नाही तर चढावर दम टाकते. कार्ब्युरेटरच्या काळातील किट इंधन-इंजेक्शनच्या इंजिनाला जसेच्या तसे चालत नाही. किटला मिळणारी मान्यताही ठरावीक क्षमतेच्या इंजिनांपुरतीच असते. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्था ही तपासणी करतात. बीएस-6 मानकाच्या पेट्रोल गाड्यांना असे रूपांतर करण्याची परवानगी 2022 मध्ये मिळाली, तीही मान्यताप्राप्त किट असेल तरच.

खरा प्रश्न टाकीचा असतो. सीएनजी सुमारे 200 बार दाबाने भरतात. एलपीजी साधारणतः त्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपासच्या दाबाला द्रव राहतो, त्यामुळे टाकी हलकी असते आणि माणूस गाफील राहतो. द्रवरूप एलपीजी उष्णतेने पाण्याच्या कितीतरी पट अधिक प्रसरण पावतो. ही जागा राखण्यासाठी टाकी 80 टक्क्यांवर भरायची नसते, आणि तेथे भरणा आपोआप थांबवणारी झडप टाकीवर असते. नळी तुटली तर प्रवाह रोखणारी दुसरी, आणि दाब वाढल्यास तो सोडून देणारी तिसरी. ही तिसरी झडप नसेल तर काय घडते, ते फ्रान्समधील व्हेनिस्यू येथे 31 जानेवारी 1999 रोजी दिसले. आग लागलेल्या एका एलपीजी मोटारीची टाकी फुटली आणि ती विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे सहा जवान गंभीर जखमी झाले. त्यानंतर तेथे अशी झडप सक्तीची झाली. जुन्या बाजारात टाकी घेणाऱ्याने झडपांकडे आधी पाहावे ते यासाठीच. बाहेर पडलेला वायू हवेहून जड असतो, तो वर उडून जात नाही. गाडीच्या तळाशी, तळघरात, गटारात साचून राहतो.

आपल्याकडे अशा टाक्यांवर पेसो या स्फोटके-सुरक्षा संघटनेचे नियंत्रण असते. तिचे मुख्यालय नागपुरात आहे, हे मराठी वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसते. प्रत्येक टाकीवर उत्पादकाचे नाव, क्रमांक, क्षमता आणि चाचणीची तारीख कोरलेली असते आणि दर पाच वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात तिची पुनर्चाचणी करावी लागते. गाडीच्या वयाशी याचा संबंध नाही. नव्या गाडीत जुनी टाकी गेली, तरी टाकीचे वय टाकीबरोबरच जाते.

आमच्या खातेदारांच्या व्हॅनमधील टाकीची पट्टी रंगाखाली दडली होती. रंग खरवडल्यावर अक्षरे निघाली, पण शेवटच्या चाचणीला आठ वर्षे होऊन गेली होती. कर्जाचे प्रकरण मी थांबवले. ते गृहस्थ रागावून गेले. महिनाभरात शाळा सुरू होणार होती आणि पालकांकडून त्यांनी आगाऊ पैसे घेतलेले होते. त्यांच्या अडचणीची मला कल्पना होती, त्यामुळे तो आठवडा मला काही सुखाचा गेला नाही. नियमावर बोट ठेवणे सोपे असते; समोर बसलेल्या माणसाकडे पाहणे तितके सोपे नसते.

आठ दिवसांनी ते परत आले. टाकी त्यांनी चाचणी केंद्रात नेली होती. गाडीत ज्या पट्ट्यांनी ती आवळली होती, त्या पट्ट्यांच्या खाली ओलावा साचून गंजाचे खोल खड्डे पडले होते. टाकी नापास झाली. नियमानुसार अशी टाकी कापून किंवा चेपून निकामी करावी लागते, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या गाडीत शिरत नाही. त्यांनी विक्रेत्याशी भांडून किमतीत सूट मिळवली आणि अधिकृत केंद्रातून त्या इंजिनासाठी मान्यता असलेले नवे किट नव्या टाकीसह बसवून घेतले.

मग आम्ही दोघांनी हिशेब मांडला. तो वाचकांनाही उपयोगी पडेल, आकडे मात्र आपापल्या गावचे घालावेत. समजा पेट्रोल 100 रुपये लिटर आणि गाडी लिटरला 15 किलोमीटर धावते. तर किलोमीटरला 6 रुपये 67 पैसे पडतात. एका लिटर एलपीजीत ऊर्जा कमी असल्याने तीच गाडी 12 किलोमीटर धावेल. गॅस 60 रुपये लिटर धरला तर किलोमीटरला 5 रुपये. बचत 1 रुपया 67 पैसे. किटला 30,000 रुपये पडले असतील, तर 18,000 किलोमीटरनंतर ते फिटते. शाळेच्या व्हॅनला हे अंतर फार नाही. रविवारी देवदर्शनापुरती बाहेर निघणाऱ्या मोटारीला मात्र त्यासाठी अनेक वर्षे लागतील. आपल्या वाटेवर एलपीजीचा पंप आहे ना, हेही आधी पाहावे. सीएनजीचे जाळे पसरत गेले तशी ऑटो एलपीजीची विक्री घटली आहे.

किट बसवल्यावर नोंदणीपुस्तिकेत इंधनाचा बदल नोंदवावा लागतो, आणि वाहन बँकेकडे तारण असेल तर त्याआधी बँकेची लेखी संमती घ्यावी लागते. विमा कंपनीलाही कळवावे लागते. 2002 च्या मोटार विमा दरपत्रकात किटच्या किमतीवर 4 टक्के जादा हप्ता ठरला होता, म्हणजे 30,000 रुपयांच्या किटला वर्षाला 1,200 रुपये. तेवढे वाचवणाऱ्याने अपघातानंतर दावा नाकारला गेला तर काय, याचा विचार करावा.

शाळा सुरू झाली तेव्हा कर्ज मंजूर झाले होते, पण नोंदणीचे काम चार दिवस लांबले. ते चार दिवस त्या गृहस्थांनी मुलांना भाड्याच्या गाडीने पोहोचवले आणि त्याचा खर्च मला दोनदा ऐकवला. पुढे एकदा ती व्हॅन शाखेसमोर उभी होती, म्हणून मी सहज आत डोकावलो. चालकाच्या समोर गणपतीची छोटी मूर्ती होती, आणि तिच्याखाली पांढऱ्या रंगाने टाकीच्या पुढील चाचणीची तारीख लिहिलेली होती.