जुना मोबाइल गल्ल्याचा राखणदार

डोणगावसारख्या गावात आज क्वचितच असे दुकान असेल, ज्याच्या खणात एखादा जुना स्मार्टफोन पडून नाही. काच तडकली, नवा घेतला, जुना खणात गेला. भंगारात त्याला किंमत नाही. पण त्याचा कॅमेरा, माइक, स्पीकर आणि वाय-फाय बहुधा शाबूत असतात.

सॅमसंग कंपनीने २०२१ साली जुन्या गॅलॅक्सी फोनसाठी एक सोय काढली. बाळ रडले की तो फोन आवाज ओळखून मालकाच्या नव्या फोनवर खबर देतो. खोलीत अंधार झाला तर दिवा लावण्याचे कामही करतो. त्याच कंपनीचे जुने फोन डोळ्याचा पडदा तपासण्याच्या यंत्रातही बसवले गेले.

आपल्याला एवढे नको. जुना फोन गल्ल्यासमोर टांगला, मोफत मिळणारे कॅमेऱ्याचे ॲप घातले, की घरी जेवताना दुकान दिसते. रेडमीच्या अनेक फोनवर इन्फ्रारेड असते, तो टीव्हीचा रिमोट होतो.

मात्र आम्हा कापडवाल्यांनी बॅटरीकडे डोळेझाक करू नये. चोवीस तास चार्जरला लावलेली जुनी बॅटरी तापते, आत वायू धरतो आणि ती फुगते. शेजारी सिंथेटिक साड्यांचे गठ्ठे असतील, तर पुढचे सांगायला नको. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये. चांगला कारागीर ती काढून सुमारे ४ व्होल्टचा स्थिर पुरवठा जोडतो. बॅटरीच्या डोक्यावरची सर्किटची पट्टी मात्र राखावी लागते, नाहीतर बरेच फोन सुरूच होत नाहीत. हे हुनराचे काम आहे. काच बदलण्यावर पोट भरणाऱ्या आपल्या दुरुस्तीवाल्या मुलांनी ते शिकावे आणि त्याची मजुरी निःसंकोच मागावी. एवढा खर्च नको असेल, तर टायमरचा स्विच लावून दिवसातून थोडा वेळच चार्जिंग द्यावे आणि फोन मालापासून दूर टांगावा.

अशा फोनवर बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप ठेवू नये. कंपनीने सुरक्षेचे अपडेट बंद केलेले असतात.

कामासाठी जुने फोन विकत घेणाऱ्या कारागिरांनी आधी *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासावा. २०२३ पासून ही सोय देशभर आहे. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तिथे लगेच कळतो.