एकाच जन्माचे मोल
लेखमाला : जन्म, मृत्यू आणि धर्म – लेखांक 6

कनेरगाव नाक्यावर उभे राहिले की एका अंगाला हिंगोली, दुसऱ्या अंगाला वाशिम. पैनगंगेच्या या टापूत पूर्वी निजामाचा मुलूख संपून वऱ्हाड सुरू होई. त्या वाशिमात 1938 साली नाझरीन पंथाच्या अमेरिकन ख्रिस्ती मंडळीने रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. ते उभे करणाऱ्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी आपल्या उमेदीची जवळजवळ चार दशके तिथे घालवली. ज्यांच्या श्रद्धेनुसार खरे घर परलोकात आहे, अशा माणसांनी परक्या मुलखातल्या तापासाठी, बाळंतपणासाठी, जखमांसाठी सारे आयुष्य का द्यावे? ख्रिस्ती धर्म समजून घ्यायचा तर मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो.

मागच्या लेखांकात आपण वारकरी विचार पाहिला. तुकोबा मोक्ष बाजूला सारून भक्तीसाठी पुन्हा जन्म मागतात. ख्रिस्ती माणसाला असे मागणे मागता येत नाही, कारण त्याच्या श्रद्धेत दुसरा जन्मच नाही. माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, मग देवापुढे उभा राहतो, असे ‘इब्री लोकांस पत्र’ सांगते. त्यामुळे ज्याला क्षमा करायची त्याला याच जन्मात करायची, भुकेल्याला घास द्यायचा तोही याच जन्मात. राहिलेला हिशेब पुढच्या खेपेला पुरा करण्याची सोय नाही.

एक समज मात्र दूर केला पाहिजे, आणि तो चर्चमध्ये नियमित जाणाऱ्यांमध्येही आढळतो. देह म्हणजे टाकून द्यायचे वस्त्र, आत्मा उडून स्वर्गात गेला की काम झाले, अशी कल्पना ख्रिस्ती मानली जाते. पण मंडळीच्या प्राचीन विश्वासवचनात देहाच्या पुनरुत्थानाची कबुली आहे. मेलेली माणसे देहासह उठतील. तो देह नवा, अविनाशी असेल, पण देहच असेल. करिंथकरांना लिहिताना प्रेषित पौलाने पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला तो यासाठीच. बायबलचे शेवटचे पुस्तकही नव्या आकाशाबरोबर नव्या पृथ्वीचे चित्र रंगवते. निर्मिती चांगली आहे, बिघडलेली आहे, आणि देव ती फेकून न देता दुरुस्त करणार आहे, ही मूळ धारणा. दफनाची जुनी रीतही याच आशेशी जोडलेली आहे. अर्थात दहनाने पुनरुत्थान अडत नाही. रोमन कॅथलिक चर्चने 1963 साली दहनाला मुभा दिली.

म्हणूनच पौल मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. बेथानी गावात लाजर वारला तेव्हा येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला! या प्रसंगापाशी मी नेहमी थांबतो. पुढे जीवन आहे म्हणून आजचे दुःख खोटे ठरत नाही. शोक करणाऱ्या घरात जाऊन ‘रडू नका, तो सुखाच्या ठिकाणी गेला’ एवढेच सांगून निघणाऱ्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे वर्णन आहे. तिथे विचारणा होते ती अशी : भुकेल्याला खायला दिले का, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, कैद्याला भेटलात का. परलोकाचा निकाल या लोकीच्या भाकरीवर लागतो.

आपल्याकडे हे ज्यांनी जगून दाखवले त्यांत पंडिता रमाबाई (1858–1922) अग्रणी. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थाटन करीत. 1870च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात सारे सरले, अन्न मिळेना, तेव्हा त्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. मुलगा म्हणाला, जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करतो. समाधीचा बेत राहिला. तरीही आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण त्या उपासमारीने नेली. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1896–97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभे राहिले आणि काही वर्षांत तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्या मुली शिकल्या, विणकाम करू लागल्या, शेती, छपाई करू लागल्या. रमाबाई प्रार्थना करीत, मुलींच्या तारणाची त्यांना तळमळ होती. पण आधी पेज, कपडा, औषध. उपाशी देहाची किंमत त्यांना कुठल्या ग्रंथातून शिकावी लागली नाही.

परलोकाच्या या श्रद्धेचा गैरवापरही झाला. अमेरिकेत गुलामांना मालकांच्या प्रवचनकारांनी सांगितले, इथे निमूट सोसा, वर सुख मिळेल. हा आरोप खरा आहे आणि ख्रिस्ती लोकांनी तो स्वीकारलाच पाहिजे. मात्र त्याच गुलामांनी त्याच बायबलात मिसरच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएलची कथा वाचली आणि स्वातंत्र्य मागितले.

उलट बाजूही आहे. जीव अनमोल, तरी तो सर्वांत वरचा नाही. कैदेतला पौल फिलिप्पैकरांना लिहितो, की निघून ख्रिस्ताजवळ जाणे आपल्याला अधिक प्रिय, पण तुमच्यासाठी राहणे अधिक गरजेचे. मरणाला न भिणे आणि तरीही दुसऱ्यासाठी जगणे निवडणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या मनात एकत्र नांदतात. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याला मंडळी मान देते; आपणहून जीव देण्याला संमती देत नाही, कारण जीवन देवाचे दान मानले जाते.

मृत्यू आणि शेवटचा न्याय यांच्यामधल्या काळाबद्दल मात्र ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. वसईतली कॅथलिक कुटुंबे 2 नोव्हेंबरला कबरींवर फुले, मेणबत्त्या ठेवून मृतांसाठी प्रार्थना करतात; बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळी मृतांसाठी अशी प्रार्थना करीत नाहीत. या मतभेदामागे शुद्धिस्थानाचा, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी मृतांना शुद्ध व्हावे लागते का याचा, वाद आहे. त्यातूनच सोळाव्या शतकात युरोपात मोठे वादळ उठले. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.