हात दुखतोय, पण अपघात कुठे झाला?

अब्बासियात आमच्या मजल्यावर राजापूरकडचे एक कटिंग मास्टर राहतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. अकरा वर्षं दिशदाशाचं कापड कापतायत. रमजानच्या दिवसांत तर कात्री खाली ठेवायला फुरसत नसते, ईदला नवी दिशदाशा सगळ्यांनाच हवी. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या हाताला रात्री मुंग्या यायला लागल्या. मग एकदा चहाचा ग्लास हातातून निसटला. "वय झालं रे, दुसरं काय!" म्हणत मामा बाम चोळत राहिले. शर्टाचं बटण लागेना, तेव्हा कुठे डॉक्टर गाठला.

निदान झालं कार्पल टनेलचं. मनगटातल्या अरुंद जागेतून हाताकडे जाणारी नस दबली होती. मामांनी दुकानात सुट्टी मागितली, ती मिळालीही. पण पगार कापला गेला. 'अपघात झाला असता तर गोष्ट वेगळी, हे तर आजारपण,' असं दुकानातून सांगण्यात आलं.

आपली बरीच माणसं इथेच गप्प बसतात. कुवेतच्या खासगी क्षेत्राच्या २०१० च्या कामगार कायद्यात साध्या आजारपणाची रजा अशी आहे: पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे दहा-दहा दिवस पाऊण, अर्धा आणि पाव, मग ३० दिवस बिनपगारी. आजार कामामुळे जडलेला असेल तर मात्र कलम ९६ नुसार अपघाताचेच नियम लागू होतात. म्हणजे डॉक्टर सांगेल तितके दिवस पूर्ण पगार, उपचार सहा महिन्यांपुढे गेले तर अर्धा. हातात कायमचा अधूपणा राहिला तर भरपाई वेगळी. मधल्या काळात दुकान बदललं असेल तरी जुना मालक सुटत नाही. तिथलं कामही तसंच असेल, तर जितके दिवस ठेवलं तितका वाटा त्याच्यावर येतो.

तेव्हा सगळा खेळ डॉक्टरच्या कागदावरच्या एका शब्दाचा. मामांच्या चिठ्ठीवर नुसती मनगटाची तक्रार लिहिली होती. "काम काय करता हे डॉक्टरना सांगितलंत का?" मी विचारलं. "त्यांनी विचारलंच नाही, मी कशाला सांगू?"

हाडाचा कोकणी माणूस!

मी स्वतः हिशेबनीस, दिवसभर माऊसवर हात. माझंही मनगट अधूनमधून बोलतं, आणि मीही डॉक्टरला ते कधी सांगितलेलं नाही. मामांना बोलण्याचा मला काय अधिकार म्हणा.

दावा सोपा नाही, हेही सांगायला हवं. मामांना साखर आहे, आणि मधुमेहानेही हीच नस दबते. समोरचा वकील तेच आधी काढणार. म्हणून काम किती तास, कात्री कुठली, त्रास कधी सुरू झाला, हे सारं तारखांसह डॉक्टरच्या अहवालात यायला हवं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत सतत तीच हालचाल, जोर लावून केल्याने होणारं कार्पल टनेल आहे, हे सांगता येतं. घरकाम करणारे, घरचे ड्रायव्हर, स्वयंपाकी यांना मात्र हा कायदा लागत नाही. त्यांच्यासाठी २०१५ चा कायदा वेगळा. आणि गावच्या मंडळींना वाटतं तसा प्रवासी भारतीय विमा इथे धावून येत नाही. त्यातले १० लाख अपघाती मृत्यूसाठी किंवा अपघाताने आलेल्या कायमच्या अपंगत्वासाठी आहेत.

मामींचा फोनवर एकच धोशा होता: "पैशाचं राहू द्या, तुम्ही आधी घरी या. रत्नागिरीत दाखवू." मामांनी तिकीटही बघून ठेवलं होतं. इथेच खरी मेख आहे. करार संपल्यापासून एक वर्ष उलटलं की दावा ऐकलाच जात नाही. आणि गावी बसून कुवेतमधला कागद हलवणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. तक्रार आधी मनुष्यबळ प्राधिकरणात करायची असते. तिथे समेट झाला नाही तर प्रकरण कोर्टात जातं, आणि कामगाराला कोर्टाची फी नाही.

मामा परत डॉक्टरकडे गेले. या वेळी कात्री पिशवीत घालून. डॉक्टरांनी ती हातात घेऊन पाहिली, वजन बघितलं आणि मग बराच वेळ लिहीत बसले. तक्रार दाखल झाली आहे, निकाल नाही. मामींना कळवलंय, तिकीट पुढे ढकललं म्हणून. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.