मठातील पोथी आणि अभ्यासकाचा आचार

प्राचीन मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्यास आज ना उद्या महानुभाव मठाची पायरी चढावी लागते. मुद्रित आवृत्त्यांची संख्या गेल्या शतकात बरीच वाढली हे खरे. तथापि पाठाविषयी शंका उत्पन्न झाली म्हणजे तिचे निरसन शेवटी मूळ पोथीपाशीच होते, आणि अशा अनेक पोथ्या आजही मठांच्या संग्रहात आहेत. या दृष्टीने अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव विशेष महत्त्वाचे. येथे गोविंदप्रभूंचे वास्तव्य होते. चक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्यांसह भक्तमंडळी येथेच एकत्र आली, येथेच महदंबेने धवळे रचले आणि म्हाइंभटाने लीळाचरित्राच्या संकलनास हात घातला. 2023 साली याच गावी मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा झाला. त्यामुळे तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढणार हे उघड आहे, आणि जाणाऱ्याने कसे वागावे हा प्रश्नही केवळ शिष्टाचाराचा राहत नाही.

वरील परिच्छेदात 'उत्तरापंथे गमन' असा शब्दप्रयोग केला आहे, तो हेतुपूर्वक. चक्रधर निधन पावले असे पंथीय मानीत नाहीत. ते उत्तरेकडे गेले असे मानतात. इतिहासाच्या अभ्यासकास या बाबतीत स्वतंत्र मत असू शकेल, व ते त्याने आपल्या निबंधात साधार मांडावे. परंतु मठात महंतांसमोर बसून 'चक्रधरांच्या मृत्यूनंतर' अशी वाक्याची सुरुवात करणाऱ्याचे पुढचे वाक्य कोणी मनापासून ऐकेल अशी अपेक्षा त्याने करू नये. हीच गोष्ट 'मानभाव' या शब्दाची. 'महानुभाव' शब्दाचे हे रूप पुढे उपहासाने वापरले गेले आणि 'मानभावी' म्हणजे ढोंगी असा अर्थ मराठीत इतका रूढ झाला की आज तो उच्चारताना कोणास त्याच्या उगमाची आठवणही राहत नाही. मठात मात्र ती असते. सुशिक्षितांच्या तोंडून बेसावधपणे निघालेल्या या एका शब्दाने जेवढे दरवाजे बंद केले असतील, तेवढे कोणत्याही सांकेतिक लिपीने केले नसतील.

त्या लिपीचाही येथे विचार केला पाहिजे. चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपीत अक्षरांची आकृती नागरीच असते. फक्त एका वर्णाच्या जागी दुसरा योजिलेला असतो, त्यामुळे अजाण वाचकास समोर निरर्थक अक्षरांची रांग दिसते. हे गुप्ततेचे लक्षण म्हणून आपण सांगतो, आणि ते बरोबरही आहे. पण ज्या ग्रंथातील प्रत्येक शब्द ईश्वराच्या लीळेचा व वचनाचा आहे, तो अनधिकारी व्यक्तीच्या हाती पडू नये, ही भावना त्यामागे होती, हेही ध्यानात ठेवावे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पुढे 1925 साली य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतरच्या दशकात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापण्यास प्रारंभ केला. लिपीची किल्ली ही अशा रीतीने सर्वांच्या हाती आली. पोथीची किल्ली मात्र अद्याप मठाकडेच आहे.

प्रत्यक्ष भेटीचे नियम थोडे आहेत, व त्यांतील बहुतेक साध्या विवेकाने कळण्यासारखे आहेत. आधी पत्राने कळवावे. कोणता ग्रंथ, कशासाठी पाहावयाचा हे त्यात स्पष्ट लिहावे. भेट होताच 'दंडवत प्रणाम' म्हणावे, कारण पंथात परस्परांना अभिवादन याच शब्दांनी होते. मांसाहार व मद्य यांचा पंथास पूर्ण निषेध आहे, म्हणून मुक्कामाच्या काळात बाहेरही ते वर्ज्य करावे हे उत्तम. गावातील 'स्थाने' पाहताना विशेष सावध राहावे. गोविंदप्रभू अथवा चक्रधर जेथे बसले, निजले, जेवले, त्या जागा पंथाने जपल्या आहेत. मुनी व्यास यांची 'स्थानपोथी' ही अशा जागांची जुनी नोंदच होय. पुष्कळ ठिकाणी तेथे मूर्ती नसते, साधा ओटा असतो. उन्हातून आलेला पाहुणा टेकण्यास बरी जागा म्हणून नेमका त्याच ओट्यावर बसतो. यात त्याची श्रद्धा कमी पडते असे नव्हे, माहिती कमी पडते. म्हणून स्थानपोथी वाचून मगच गाव हिंडावे.

खरा प्रश्न पोथी समोर आल्यावर उभा राहतो. अभ्यासकाच्या दृष्टीने ते हस्तलिखित असते. त्याचा कागद, शाई, लेखनकाल आणि पाठभेद यांकडे त्याचे लक्ष जाते. मठाच्या दृष्टीने ती पूज्य वस्तू होय. हात धुऊन, ती चौरंगावर ठेवून, पाने थुंकी न लावता उलटावीत, छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये, या गोष्टींत दोन्ही दृष्टी एकत्र येतात. जुना कागद जपायचा असेल तर भाविकाचा आचार हाच ग्रंथपालाचा नियम ठरतो. परंतु 'येथे लेखकाची चूक दिसते' किंवा 'हा भाग प्रक्षिप्त असावा' असे उद्गार निघताच दोन्ही दृष्टींची फारकत होते. हा विरोध काल्पनिक नाही. वि. भि. कोलते यांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची आवृत्ती 1978 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली, तेव्हा तीतील काही लीळांना पंथीयांनी तीव्र आक्षेप घेतला. आयुष्य या वाङ्मयासाठी वेचलेल्या संशोधकावर हा प्रसंग आला, हे लक्षात घेतल्यास केवळ नम्र वागणुकीने सर्व पेच सुटतात असे म्हणता येत नाही.

तरीही पाठचिकित्सा ही मठाला सर्वस्वी परकी गोष्ट आहे, असे समजणे चुकीचे होईल. म्हाइंभटाने स्वतः प्रत्यक्षदर्शी भक्तांना गाठून आठवणी मिळविल्या व त्या नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळून पाहिल्या. पुढे मुसलमानी स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाल्याचे पंथाची परंपरा सांगते. तेव्हा हिराइसा इत्यादींच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला, आणि निरनिराळ्या व्यक्तींचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. ते भेद पंथाने पुसून टाकले नाहीत, नावानिशी सांभाळले. तेव्हा मठात पाठभेदाची चौकशी करताना 'यातील शुद्ध कोणता?' असे विचारण्याऐवजी 'हा कोणाचा पाठ?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने निवाडा मागितला जातो. दुसऱ्याने परंपरा, आणि ती सांगण्यास जाणते लोक सहसा उत्सुक असतात. चर्चेला तर या परंपरेत मान आहेच. महदंबा ही लीळाचरित्रात सतत शंका विचारणारी म्हणून दिसते, व त्याबद्दल तिची गणना श्रेष्ठ भक्तांत झाली.

संशोधक आपला निष्कर्ष मठाच्या मर्जीप्रमाणे बदलणार नाही, व बदलूही नये. मात्र जो निष्कर्ष तो छापणार आहे, तो त्यांनी प्रथम छापील पानावर वाचावा, हे योग्य नव्हे. काय लिहिणार आहोत हे पोथी हाती असतानाच सांगावे. हरकत आली तर तिची नोंद निबंधात करावी, कारण तीही त्या ग्रंथाच्या इतिहासाचा भाग आहे. केलेल्या नकलेची एक प्रत आणि छापलेल्या निबंधाची एक प्रत मठाकडे पाठविण्याचे काम मात्र बहुतेकांकडून राहून जाते. परत गेल्यावर परीक्षा, प्रबंध, नोकरी या गडबडीत पत्राचे उत्तरही जात नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच विभागाचा दुसरा विद्यार्थी दारात उभा राहतो तेव्हा पोथी कोणत्या कपाटात आहे हे कोणाला आठवत नसते.