छात्राध्यापकाची रोजनिशी: वजाबाकीचा एक तास

डी.एल.एड. असो की बी.एड., राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार छात्राध्यापकाला किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. या आंतरवासितेत पाठ टाचणासोबत रोजनिशीही लिहायची असते. टाचण सगळे मन लावून लिहितात, रोजनिशी मात्र बऱ्याचदा फाइल जमा करायच्या आदल्या रात्री एका बैठकीत उरकली जाते. याचं मला फार वाईट वाटतं. आपण काय शिकवणार ते टाचणात असतं. मुलांपर्यंत काय पोहोचलं ते रोजनिशीतच सापडतं.

समजा, तुमचा सराव शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईत आहे. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. तास संपल्यावर नोंद होते: ‘पाठ छान झाला. मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ हे वाक्य भूगोलाच्या पाठाखालीही खपेल. त्याऐवजी एका मुलीची पाटी जशीच्या तशी उतरवून घ्या. ५२ वजा २७, तिचं उत्तर ३५. नाव लिहू नका, ‘दुसऱ्या रांगेतली मुलगी’ एवढं पुरे.

आता त्या ३५ कडे नीट बघा. दोनातून सात जात नाहीत म्हणून तिने सातातून दोन वजा केले, पाच आले. पाचातून दोन गेले, तीन उरले. तिचा स्वतःचा एक नियम आहे: मोठ्यातून लहान काढायचा. तो ती इमानाने पाळते आहे. हा अंदाज खरा की खोटा, हे तपासताही येतं. तिला ४० वजा १८ द्या. उत्तर ३८ आलं, तर अंदाजाला बळ मिळालं.

इथे आपल्याच टाचणाकडे वळावं लागतं. फळ्यावर पहिलं उदाहरण ५८ वजा २३ घेतलं होतं का? त्यात तिच्या नियमानेही ३५ हे बरोबर उत्तर येतं. अशी दोन-चार उदाहरणं बरोबर आली, की तिचा नियम पक्का होतो आणि आपल्याला वाटतं, वर्गाला समजलं.

मग उद्याचं लिहायचं, तेही नेमकं. ‘अधिक सराव घेईन’ याने काही होत नाही. ‘दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देईन, सत्तावीस मागेन, आणि गठ्ठा तिचा तिलाच सोडू देईन’, असं लिहिलं तर उद्या करून बघता येतं. कांदा काढणीमुळे घरी राहिलेल्या मुलांचीही नोंद त्याच पानावर असू द्या. हा तास त्यांच्यासाठी पुन्हा घ्यावा लागणार आहे.

अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या पुस्तकात काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला विचार, असे दोन प्रकार सांगितले. नवख्याला पहिला लगेच जमत नाही, वर्ग सांभाळण्यातच जीव जातो. दुसरा पहिल्या दिवसापासून जमतो, फक्त त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत का होईना, लिहायला हवं. संध्याकाळपर्यंत ३५ लक्षात राहतं, ती ते कसं म्हणाली हे विसरायला होतं.

हे पान मार्गदर्शक बाईंपुढे नुसतं सहीसाठी ठेवू नका. ‘बाई, ही दुसरीत वजाबाकी कशी करायची?’ असं विचारा. वर्षभर तिच्या पाट्या त्यांनीच तपासल्या असतील, तर त्या बसवून घेऊन सांगतील.