स्क्रीनशॉट काढला खरा, पण सेव्ह झाला का?



ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या सेवेवर व्हिडिओ केला, त्यात मी घाईघाईत एक वाक्य बोलून गेलो, "पैसे भरले की स्क्रीनशॉट काढून ठेवा." कसा काढायचा, तो जातो कुठे आणि प्रिंट वाचता येईल अशी कशी काढायची, हे राहूनच गेलं. आज तेवढंच.

आधी माझीच फजिती सांगतो. दुकानाचं दुसरं वर्ष होतं. एक काका मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला आले, तोही शेवटच्या तारखेला. फी अकराशे रुपये. पैसे खात्यातून गेले, ट्रान्झॅक्शन नंबरचं पान समोर आलं. मी हुशारी करून कीबोर्डवरचं प्रिंट स्क्रीन बटण दाबलं. तेवढ्यात साइट अडकली. पुन्हा लॉगिन करायचं म्हणून नोटपॅडमधून अर्ज क्रमांक कॉपी केला. नंतर वर्ड उघडून पेस्ट करतो तर काय, स्क्रीनशॉटच्या जागी अर्ज क्रमांक! पोर्टल म्हणतंय फी बाकी, बँकेचा मेसेज म्हणतोय पैसे गेले, आणि हेल्पलाइनवाले मागतायत ट्रान्झॅक्शन नंबर. काका म्हणाले, "दादा, पैसे तर तुमच्यासमोरच गेले ना?" त्यांचं काय चुकलं? फी मी खिशातून पुन्हा भरली. आधीचे पैसे परत यायला दीड महिना लागला.

झालं काय होतं? नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की चित्र क्लिपबोर्डवर जातं. क्लिपबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती जागा. तिथे नवीन काही कॉपी केलं की जुनं जातं. फाईल कुठेच बनत नाही. बरेच जण इथेच फसतात.

म्हणून दुकानात एकच सवय लावून घ्या: विंडोज बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर मंद होते आणि फाईल आपोआप 'पिक्चर्स' फोल्डरमधल्या 'स्क्रीनशॉट्स' फोल्डरमध्ये जाऊन बसते. विंडोज ८ पासून ही सोय आहे. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावं लागतं.

फक्त एक भाग हवा असेल तर विंडोज, शिफ्ट आणि एस दाबा, माऊसने चौकोन ओढा. पण विंडोज १० मध्ये हे चित्र आपोआप सेव्ह होत नाही. कोपऱ्यात सूचना येते, तिच्यावर क्लिक करून सेव्ह करावं लागतं. नव्या विंडोज ११ मध्ये नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तरी हेच स्निपिंग टूल उघडतं, तेव्हा गोंधळू नका. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबलं तर समोरची एकच विंडो येते, पण तीही क्लिपबोर्डवरच. आणि विंडोज अधिक व्ही दाबून क्लिपबोर्डची हिस्टरी आजच चालू करून ठेवा. माझ्याकडे ती तेव्हा चालू असती तर अकराशे रुपये अडकले नसते.

पैशांचा पुरावा म्हणून काढताना कापाकापी करू नका. वर साइटचा पत्ता, मध्ये रक्कम आणि नंबर, खाली टास्कबारवर तारीख-वेळ, हे सगळं एका चित्रात यायला हवं. नुसता हिरवा टिकमार्क कापून ठेवलात तर तो कुठल्या साइटचा, कधीचा, कोण सांगणार?

आता प्रिंट. इथे एक साधा हिशोब आहे. साध्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ पिक्सेल रुंद असते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ती जेमतेम साडेचार इंच रुंद छापली जाते. आपण ती ए-फोरवर ताणतो, मग अक्षरं भुरकट येतात आणि गिऱ्हाईक प्रिंटरला नावं ठेवतं. उपाय फुकटचा आहे: स्क्रीनशॉट काढण्याआधी ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिक दाबून पान १२५ किंवा १५० टक्के मोठं करा. अक्षरच मोठं झालं की त्याला जास्त पिक्सेल मिळतात. मात्र नंबर स्क्रीनबाहेर गेला नाही ना, हे बघा.

फाईल पीएनजी ठेवा. जेपीजीमध्ये अक्षरांच्या कडांना डाग पडतात. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवणार असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, मग कुठलाही प्रिंटर लावा, नंबरातला ३ की ८ कळत नाही.

फाईलवर राइट क्लिक करून प्रिंट दिलं तर येणाऱ्या चौकटीत खाली 'फिट पिक्चर टू फ्रेम' असतं. त्याची टिक काढा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात, आणि आपली तारीख नेमकी कडेलाच असते. डार्क मोडमधलं पान तसंच छापू नका, शाई पाण्यासारखी जाते. आधी लाइट मोड करा. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये लाल 'फेल्ड' आणि हिरवं 'सक्सेस' दोन्ही करडेच दिसतात, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका, शब्द वाचता येतोय का ते बघा.

बरेच स्क्रीनशॉट असतील तर मी वर्डमध्ये टाकतो. सात इंच रुंदी दिली की उंची चार इंचांच्या आत राहते, म्हणजे उभ्या ए-फोरवर दोन आरामात बसतात. कागद निम्मा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. पावतीचं पान लांब असेल तर स्क्रीनशॉटच्या मागे लागूच नका. ब्राउझरमध्ये कंट्रोल पी दाबा, 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडा, 'हेडर्स अँड फूटर्स'ला टिक करा. अक्षरं बहुतेक वेळा कोरीव येतात, पानाचा पत्ता आणि तारीख आपोआप छापली जाते. साइटने स्वतःची पावती दिली असेल तर ती आधी डाउनलोड करा. स्क्रीनशॉट हा तिच्या जोडीला.

आणि आधार क्रमांक झाकायचा असेल तर स्निपिंग टूलच्या हायलायटरने झाकू नका, तो पारदर्शक असतो, आकडे खालून दिसतात. पेंटमध्ये पूर्ण भरलेला काळा चौकोन काढा. गिऱ्हाईक गेलं की त्याच्या फाईल्स स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये पडून ठेवू नका. त्यालाच पाठवून द्या, काम पूर्ण झालं की आपल्याकडून डिलीट करा, रिसायकल बिनसुद्धा रिकामं करा. माझ्याकडे हे काम रोज रात्री शटर ओढायच्या आधी होतं.